ट्रंकेतल्या तबकड्या

गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळाच्या माळ्यावरचे सामान खाली उतरते. मखर, समया, सतरंज्या, मागल्या वर्षीच्या झालरी. दोन वर्षांपूर्वी या सामानामागून पत्र्याच्या तीन ट्रंका निघाल्या. मंडळाच्या एका दिवंगत सभासद काकूंनी घर विकताना त्या वाचनालयाला दिल्या होत्या आणि नंतर सगळेच विसरून गेले होते. आत जुन्या रेकॉर्ड होत्या; काही कागदी पाकिटांत, काही नुसत्याच एकावर एक. अटालेवाला दाराशी उभाच होता आणि वजनावर सौदाही ठरत आला होता. आम्ही तिघांनी कार्यकारिणीला विनंती केली की एक महिना थांबा. तो महिना अजून संपलेला नाही!

आम्ही काही इतिहासकार नाही. दोघे शासकीय नोकरीत, शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्यापर्यंतचे. तिसरे अण्णा, निवृत्त शिक्षक, ज्यांची पेटीची साथ आपल्या मंडळात सर्वांनी ऐकली आहे. रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून या तबकड्या संगणकात उतरवायच्या, एवढेच ठरले होते. पण एकेक तबकडी हातात घेताना आपल्याच संगीताचा इतिहास उलगडत गेला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, पण त्यात नळकांडे होते. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर यांची, १८८७ ची. एका साच्यावरून हजारो प्रती छापता येऊ लागल्या आणि गाणे बाजारात विकण्याची वस्तू झाले. फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मुद्रण इथे होई, पण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून आगबोटीने परत येत. त्या काळच्या अनेक तबकड्यांवर गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव सांगते. परक्या मुलुखातल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही पद्धत पडली, असे सांगतात. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदह भागात कारखाना सुरू झाला आणि छपाई आपल्या देशात होऊ लागली.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोरात गायचे आणि त्या आवाजाच्या दाबाने सुई मेणावर चर कोरायची. विजेवरचे मुद्रण १९२५ नंतर आले. आणखी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे बसत, बारा इंचीला चारच्या आसपास. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा मांडायचा? काही बुजुर्गांनी या यंत्राकडे पाठच फिरवली. ज्यांनी ते आव्हान घेतले, त्यांनी आलापी आवरून बंदिश, दोन-चार जागा आणि तान एवढ्यातच रागाचे रूप दाखवले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना वाटते की हे छोटे गाणे मोठ्या गाण्याचा तुकडा नव्हे, ते आपल्या जागी पूर्ण आहे.

महाराष्ट्रात या तबकडीला नाट्यसंगीताने घरोघरी नेले. पद मुळातच आटोपशीर असल्याने ते तीन मिनिटांत बसे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे आवाज अशा घरांत पोचले, जिथे नाटक कंपनी कधी गेलीच नाही. आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-देवासच्या मराठी माणसाला तर पुण्या-मुंबईशी जोडणारा हा धागाच होता. पूर्वीच्या पिढीत चावीचा फोनो गल्लीत एकाकडेच असे आणि गाणे मात्र सगळ्या गल्लीचे असे.

इथे एक गोष्ट आम्हाला फार लागली. ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक १९१६ चे, त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवा १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. ज्यांच्या गाण्याच्या आठवणी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, त्यांचा आवाज आपण ऐकू शकत नाही. ऐकू येते ते त्यांच्या शिष्याचे, बालगंधर्वांचे गाणे. ते तरी आहे, कारण कोणीतरी त्या तबकड्या जपल्या.

आता आमची चूक सांगतो, कारण ती लपवली तर लेख लिहिण्यात अर्थ नाही. पहिल्या रविवारी आम्ही उत्साहाने सफाईला बसलो. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसायची आमची जुनी सवय. तोच कापूस एका काळ्या तबकडीवर फिरवला. क्षणात चमक गेली, पृष्ठभाग चिकट झाला. वाळल्यावर लावून पाहिली तर नुसती खरखर, आणि तिच्या खोल तळाशी एका बाईंचा आवाज, शब्द न कळणारा. लेबल उंदरांनी खाल्लेले, त्यामुळे नावही कळले नाही. कोण होत्या त्या? ती तबकडी आम्ही फेकली नाही, वेगळी ठेवली आहे.

कारण नंतर समजले, आणि ते डिप्लोमावाल्याला आधीच सुचायला हवे होते. ७८ फेऱ्यांची तबकडी व्हिनाइलची नसते, ती लाखेची असते. आपल्याकडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिचा चपडा आणि दगडाची भुकटी मिळून ती बनते. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच लाकडाला पॉलिश करतो. आम्ही त्या बाईंच्या गाण्याचे पॉलिश केले होते. व्हिनाइलच्या एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आल्या, त्यांचा वेग मिनिटाला ३३⅓ फेऱ्या. एका बाजूला वीस मिनिटांच्या वर वेळ मिळाला. अमीर खाँसाहेब, ज्यांचे नाव इंदूरशी कायमचे जोडले गेले आहे, त्यांच्या प्रसिद्ध एलपीत एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. त्यांची विलंबित गायकी मावायला ही मोठी तबकडीच हवी होती.

त्यानंतर आम्ही रीत बांधून घेतली. ज्यांच्या घरी रेकॉर्ड आहेत त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. लाखेची तबकडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ फडक्याने चरांच्या दिशेनेच पुसावी, लेबल भिजू देऊ नये आणि लगेच कोरडी करावी. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जुन्या फोनोची पोलादी पिन तर मुळीच लावू नये, ती दर वेळी चर खाते. टर्नटेबलला ७८ वेग आहे का ते पाहावे आणि सुई वेगळी घ्यावी. ७८ च्या चराला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते, एलपीच्या सुईचे टोक वीसेक मायक्रॉनचे. बारीक सुई रुंद चराच्या तळाशी बसते आणि गाण्याऐवजी तिथली धूळच वाचते.

टर्नटेबलमधून आलेला आवाज आम्ही ऑडॅसिटी या मोफत प्रणालीवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झने घेतो. तीन मिनिटांची बाजू साधारण १०० एमबी होते. ही मूळ प्रत जशी आली तशीच ठेवायची, तिच्यावर काहीही करायचे नाही. टिकटिक, सरसर कमी करायची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि तीही बेताने. सुरुवातीला आम्ही खरखर पुसता पुसता पेटीचा श्वास आणि गायिकेचा दमही पुसला. अण्णा म्हणाले, “बाबांनो, हे गाणं राहिलं नाही, इस्त्री झाली.”

अण्णांचे आणखी एक काम मोलाचे. जुन्या काळी सगळे मुद्रण नेमके ७८ वेगाने होतच नसे. ७४ वेगाने मुद्रित केलेले गाणे ७८ ने वाजवले की आवाज जवळजवळ एक पट्टी चढतो, काळी एकचा गाणारा पांढरी दोनमध्ये जातो. मग आपण म्हणतो, काय बारीक आवाज होता! अण्णा पेटी घेऊन बसतात, स्वर जुळवतात, आणि वेगाचा अंदाज वहीत लिहितात. जुन्या पेट्या एका मापाच्या नसत, त्यामुळे तो अंदाजच, पुरावा नव्हे. म्हणून वहीत कंपनी, तबकडीचा क्रमांक, बाजू, वेग आणि सुई हे सारे नोंदतो. उद्या कोणी अधिक जाणता आला तर त्याला आमची चूक दुरुस्त करता यावी.

कायद्याचेही पाहावे लागते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे आणि कवी-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणून आम्ही काहीही बाहेर वाटत नाही. वाचनालयात येऊन ऐकावे, एवढेच.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अवकाशात गेली. तीही तीन-साडेतीन मिनिटांचीच. ती भैरवी आंतरतारकीय अवकाशात पोचली, आणि आपल्या माळ्यावरच्या बाईंचे गाणे आमच्या हातून कापसाच्या एका फटकाऱ्यात गेले. दोन्ही खरे आहे.

दोन ट्रंका उतरवून झाल्या, तिसरी बाकी आहे. आपल्या घरी, माहेरी, आजोळी अशी एखादी ट्रंक असेल तर अटालेवाल्याला देण्यापूर्वी एकदा आम्हाला हाक मारा. तबकडी तुमचीच राहील, आम्ही फक्त ऐकून घेऊ. आणि त्या अर्धवट ऐकू येणाऱ्या बाईंचे गाणे दुसऱ्या कोणाच्या ट्रंकेत निघालेच, तर त्या दिवशी बाप्पापुढे पेढे आमच्याकडून.