मधुमेह आणि थ्रॉम्बोलिसिस

हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकून झटका आला, की ती औषधाने विरघळवण्याच्या उपचाराला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात. स्ट्रेप्टोकायनेज हे यातले जुने औषध. त्याचे १५ लाख युनिट शिरेतून अर्ध्या ते एक तासात देतात. टेनेक्टेप्लेज वजन पाहून एका दमात टोचतात. ईसीजीत एसटी रेषा उचललेली असेल, दुखणे सुरू होऊन १२ तास उलटले नसतील आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तेव्हा हा उपचार करतात. मधुमेही रुग्णांत त्याचे निकाल इतरांपेक्षा वाईट दिसतात.

नवीन पनवेलला खेटून असलेल्या सुकापुरातून पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय किंवा कामोठ्याचे एमजीएम लांब नाही. रायगडच्या डोंगरातल्या वाड्यांचे तसे नाही. तिथल्या रुग्णाला हे इंजेक्शनच पहिला आधार. पण मधुमेह्याचा वेळ रस्त्याइतकाच घरातही जातो. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बधिर झालेले असतात, त्यामुळे छातीत कळ येतेच असे नाही. दरदरून घाम फुटतो, धाप लागते, मळमळते. मग ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, शुगर उतरली असेल म्हणून साखर तोंडात टाकली जाते आणि ‘सकाळी बघू’ म्हणत रात्र काढली जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएट’ या भारतीय नोंदणीत २०,४६८ रुग्ण होते आणि त्यांतले ३०.४ टक्के मधुमेही. एसटी रेषा उचललेल्या रुग्णांना रुग्णालयात पोहोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक ३६० मिनिटे होता. गुठळी जितकी जुनी, तितकी ती औषधाला दाद देत नाही.

‘गस्टो-१’ या १९९३ च्या चाचणीत ४१ हजार रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध मिळाले. ३० दिवसांत मधुमेहींपैकी १०.५ टक्के दगावले, इतरांपैकी ६.२ टक्के. इन्सुलिनवर असलेल्यांत हे प्रमाण १२.५ टक्के होते. कारण उघड वाटते: मधुमेहात बिंबाणू चिकट होतात, फायब्रिनची वीण घट्ट बसते आणि गुठळी विरघळू न देणारे पीएआय-१ हे प्रथिन रक्तात वाढते. म्हणजे औषध गुठळीपुढे हरत असणार. अँजिओग्राफीने मात्र हा सरळ हिशेब मोडला. त्याच चाचणीत दीड तासाने काढलेल्या चित्रांत धमनी पूर्ण मोकळी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. तरी अँजिओग्राफी झालेल्या या उपगटातही मधुमेहींचे मृत्यू ११.३ टक्के आणि इतरांचे ५.९ टक्के होते.

म्हणजे मोठी वाट उघडली तरी पुढच्या गल्ल्या बंद राहतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच खराब, एकाहून अधिक धमन्या अरुंद आणि उरलेला हृदयस्नायू भार पेलायला कमी पडतो. खाटेशेजारी हे कळते ते ईसीजीच्या कागदावर. इंजेक्शननंतर तास-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढतात. उचललेली एसटी रेषा निम्म्याहून अधिक खाली आली नसेल, तर रुग्णाला तातडीच्या अँजिओप्लास्टीसाठी हलवतात. मधुमेह्याची रेषा अनेकदा हट्टी राहते. रेषा उतरली, तरीही पुढच्या दिवसाभरात अँजिओग्राफी करून घ्यावी लागते.

या आकड्यांवरून मधुमेह्याला इंजेक्शन देऊन उपयोग नाही असे म्हणणे चूक आहे. नऊ मोठ्या चाचण्यांतल्या सुमारे ५८,६०० रुग्णांची माहिती १९९४ साली एकत्र तपासली गेली. उपचार न मिळालेल्या मधुमेहींत ३५ दिवसांत १७.३ टक्के दगावले, उपचार मिळालेल्यांत १३.६ टक्के. दर हजारी ३७ जीव वाचले; मधुमेह नसलेल्यांत हाच आकडा १५ होता. जोखीम ज्याची मोठी, त्याचा लाभही मोठा.

तरीही एका भीतीपोटी हा उपचार अनेक मधुमेहींना नाकारला गेला: पडदा आधीच खराब, त्यात हे औषध, म्हणजे डोळ्यात रक्तस्राव होणार. ‘गस्टो-१’ मधल्या ६,०११ मधुमेहींपैकी एकाच्याही डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याचे सिद्ध झाले नाही.