विंडो मॅनेजर

विंडो मॅनेजर : लिनक्स व इतर यूनिक्ससदृश प्रणालींच्या डेस्कटॉपवर अनुप्रयोगांच्या विंडोंचे स्थान, आकार, थरांचा क्रम व सक्रियता ठरविणारी आज्ञावली [→ लिनक्स, यूनिक्स].

एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत चित्र उमटविण्याचे काम सर्व्हरकडे राहिले आणि मांडणीचे काम वेगळ्या, बदलता येणाऱ्या आज्ञावलीकडे गेले. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ मध्ये लिहिलेली टीडब्ल्यूएम ही प्रारंभीची प्रसिद्ध आज्ञावली.

एक्समध्ये अनुप्रयोग विशिष्ट जागा किंवा आकार यांची केवळ विनंती करतो. अंतिम निर्णय विंडो मॅनेजरचा असतो. वापरकर्त्याचे सारे नियंत्रण या तत्त्वावर उभे आहे. विंडोचा वर्ग, शीर्षक वा प्रकार ओळखून नियम लावता येतात : अमुक अनुप्रयोग दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर उघडावा, नेहमी इतरांच्या वर राहावा, चौकटीविना दिसावा इत्यादी. केडीई डेस्कटॉपच्या केविन या विंडो मॅनेजरमध्ये ही सोय अंगभूत असून ती विशेष तपशीलवार आहे [→ केडीई]. आयथ्री (२००९) ही आज्ञावली विंडो एकमेकींवर न ठेवता शेजारीशेजारी बसविते. डब्ल्यूएमसीटीआरएल हे साधन आदेशांद्वारे विंडो हलविते.

एक्सला पर्याय म्हणून आलेल्या वेलँडमध्ये (आरंभ २००८) सर्व्हर व विंडो मॅनेजर यांची कामे काँपोझिटर ही एकच आज्ञावली करते [→ वेलँड]. तेथे सामान्य अनुप्रयोगाला पडद्यावरील स्वतःची जागा ठरविता येत नाही, इतरांच्या विंडोही हाताळता येत नाहीत. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. मात्र डब्ल्यूएमसीटीआरएलसारखी साधने थेट वेलँड वापरणाऱ्या विंडोंवर चालत नाहीत. केविन स्वतःच काँपोझिटर असल्याने त्याचे नियम तेथेही लागू होतात.