राजाश्रय, लोकाश्रय आणि सायकलशर्यत

रोलां बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात 'तूर द फ्रान्स' या सायकलशर्यतीवर एक निबंध आहे. या शर्यतीला बार्थ महाकाव्याच्या पंक्तीत बसवतात. निबंध वाचताना मिथक, चिन्ह, नायकत्व यांची चर्चा आपण आवडीने करतो; परंतु या महाकाव्यातील वीरांचा योगक्षेम कोण चालवत होते, हा प्रश्न सहसा विचारत नाही. तो विचारला, तर आश्रयाचा एक शतकभराचा इतिहास समोर येतो.

या शर्यतीचा जन्मच मुळी वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. 'ल व्हेलो' या प्रतिस्पर्ध्यावर मात करण्यासाठी 'लोतो' या पॅरिसच्या क्रीडा-दैनिकाने, संपादक आंरी देग्रांज यांच्या पुढाकाराने, १९०३ साली ती सुरू केली. टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारी कथा आणि पुढील अंकाची उत्कंठा, हे क्रमशः कादंबरीचेच तंत्र होते. 'लोतो'चा खप वाढला. 'ल व्हेलो' १९०४मध्ये बंद पडले.

शर्यत सार्वजनिक रस्त्यावर होत असल्याने प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे घेणे शक्य नव्हते. आयोजकाला त्याची भरपाई खपातून मिळे. संघांचा खर्च मात्र प्यूजो, आल्सियों यांसारखे सायकल-उत्पादक करीत, कारण विजेत्याची सायकल हीच त्यांची जाहिरात होती. १९२९ साली आजारी पडलेल्या मोरिस द वाल याला आल्सियोंच्या सहकाऱ्यांनी सांभाळून विजयापर्यंत नेले, तेव्हा देग्रांज संतापले. १९३०पासून त्यांनी उत्पादकांचे संघ बंद करून राष्ट्रीय संघ आणले. सायकली, निवास, भोजन हा सारा भार आयोजकांवर आला आणि तो पेलण्यासाठी शर्यतीपुढे धावणारा जाहिरातगाड्यांचा ताफा निघाला. बार्थ यांनी ज्या १९५५च्या शर्यतीवर लिहिले, ती याच काळातली. अंगावर देशाचा रंग आणि जाहिरात पुढच्या गाडीवर, अशी ती वाटणी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्कूटर आणि मोटार आली, सायकलींचा खप घटला आणि उत्पादकांचा हात आखडला. १९५४मध्ये इटलीच्या फिओरेन्झो माग्नी याने 'निव्हिया' या क्रीम बनविणाऱ्या कंपनीचा पैसा आपल्या संघासाठी मिळवला. 'तूर'ने व्यापारी संघांना पुन्हा दार उघडले ते १९६२ साली. पुढे एडी मर्क्स कॉफीयंत्रे बनविणाऱ्या 'फाएमा'साठी आणि नंतर मांसपदार्थांच्या 'मोल्तेनी'साठी धावला.

आश्रयाचे स्वरूप येथे बदलले, असे मला वाटते. सायकल विकणाऱ्याचे हित सायकलशर्यतीत गुंतलेले होते. क्रीम किंवा कॉफीयंत्र विकणारा मात्र केवळ आपले नाव दिसण्याचे मोल देतो आणि गरज संपली की निघून जातो. संघाकडे स्वतःचे मैदान नसते, तिकिटाचे उत्पन्न नसते, नावदेखील प्रायोजकाचेच असते. नेदरलँड्समधील एक संघ पाहा. उत्तेजकांच्या प्रकरणांनी खेळ काळवंडल्यावर २०१२मध्ये 'राबोबँक'ने आपले नाव काढून घेतले. पुढील वर्षी हा संघ 'ब्लँको', म्हणजे कोरा, या नावाने उतरला. मग 'बेल्किन', 'लोटोएनएल-युंबो', 'युंबो-व्हिस्मा' अशी नावे पडत गेली. २०२३ साली इटली, फ्रान्स आणि स्पेन येथील तिन्ही मोठ्या शर्यती याच संघाने जिंकल्या. आणि त्याच वर्षी 'युंबो' निघून जाणार म्हणून बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी संघाशी विलीनीकरणाच्या वाटाघाटी चालल्या. सर्वोच्च यशही जिथे पुढील वर्षाच्या पगाराची हमी देत नाही, तिथे सायकलपटू, मेकॅनिक आणि मालिशवाले कायम टांगणीला लागलेले असतात.

यावर दोन जुनेच उपाय पुन्हा पुढे आले. पहिला राजाश्रय: २०१७पासून बहारीन आणि संयुक्त अरब अमिरातींच्या नावाचे संघ धावू लागले. दुसरा लोकाश्रय: स्पेनच्या बास्क प्रांतात १९९४ साली चाहत्यांच्या वर्गणीचा आधार घेऊन संघ उभा राहिला. परंतु पुढे त्याचीही मदार 'युस्काल्टेल' या दूरसंचार कंपनीवर आली आणि २०१३मध्ये तो विसर्जित झाला. लोकांचे प्रेम खरे होते. वर्गणी मात्र व्यावसायिक संघाचा खर्च पेलण्याइतकी नव्हती.

उरतो तो दूरचित्रवाणीचा पैसा. 'तूर'ची मालकी अमोरी कुटुंबाच्या कंपनीकडे आहे आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नात संघांना वाटा नाही. २०१४ साली अकरा संघांनी 'व्हेलॉन' ही संयुक्त कंपनी काढली, ती आपला आवाज एकवटण्यासाठी. आयोजकांची बाजूही अगदीच पोकळ नाही: रस्ते, बंदोबस्त आणि तोट्यातल्या लहान शर्यती यांचा भार त्यांच्यावर असतो. शिवाय हा वाटा मिळाला, तरी तेवढ्याने संघांचे अंदाजपत्रक भरून निघणार नाही. तरीही तो मागण्यात अर्थ आहे. प्रायोजक गेल्यावर निदान वर्षभर तग धरता येईल एवढे स्वतःचे उत्पन्न असेल, तरच संघाला स्वतःचे कायमचे नाव धारण करता येईल, आणि प्रायोजक त्या नावाला फक्त जोडला जाईल. आश्रयदाता बदलला तरी संस्था टिकते, ती अशाच व्यवस्थेत. बार्थ यांच्या महाकाव्यातील वीरांना निदान देशाचे नाव होते. आजच्या वीरांच्या संघांना तेवढेही स्थैर्य मिळालेले नाही.