दुखण्याला नाव मिळण्याआधी

भिवंडीशेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांतच दगावले. भारतात स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या सभेत मांडले. संकोचापायी बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे अंगावर काढत.

तेव्हा त्या दुखण्यांना नावेही नव्हती. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात, त्या विकाराचे ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नाव १९२० च्या दशकात रूढ झाले. सर्वांग ठणकवणाऱ्या ‘फायब्रोमायाल्जिया’चे निदाननिकष १९९० मध्ये ठरले. त्याआधीच्या मातांच्या या वेदना त्या नावांनी दप्तरांत सापडणार कशा?

आजही फायब्रोमायाल्जियात रक्ततपासणी बहुधा निर्दोष येते. यंत्रमागांच्या भिवंडीत दोन्ही विकारांसह मुले वाढवणाऱ्या आईचे सांगणे हाच मग पहिला पुरावा ठरतो.