चाकावरचे बिऱ्हाड

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घरातली तरुण मंडळी आता मोटारीमागे जोडायच्या फिरत्या घराची स्वप्ने पाहतात. पण मंडळी, चाकावरचे बिऱ्हाड आपल्याला नवे थोडेच आहे?

आमच्या पालेगावाजवळ अंबरनाथचे शिवमंदिर आहे, शके ९८२ म्हणजे १०६० सालचे. १८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून खोपोलीच्या बाजूला गेली. तरी रुळांपासून लांबच्या गावांना महाशिवरात्रीच्या जत्रेला यायचे तर बैलगाडीच! वर छत, खाली पेंढा, शिधा, कंदील, मुक्कामही गाडीतच.

तिची निगा हे शास्त्रच होते. उन्हाळ्यात लाकूड आकसते, आरे खिळखिळे होतात, लोखंडी धाव सैल पडते. मग धाव तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. लोखंड आकसले की चाक घट्ट. निघण्याआधी आखाला वंगण ठरलेले.

ओझे पुढे जास्त झाले तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, जू उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो.

मोटारीमागच्या घरालाही हाच नियम. जड सामान तळाशी, चाकांच्या आसाजवळ. भार किंचित पुढे. मागे भार पडला तर वेगात ते घर डुलू लागते आणि मोटारीलाही फरफटवते. म्हणून निघण्याआधी जोडणी, टायरची हवा, ब्रेक आणि दिवे तपासाच.

बैल निदान थांबून सांगत. मोटार तेवढेही सांगत नाही.