लाकूड कोरणारा काळा भुंगा

झाडांना पाणी घालताना कानाजवळून एकाएकी घुमणारा आवाज येतो. अंगठ्याच्या पेराएवढा, काळाकुट्ट, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला एक कीटक चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर हवेत थबकतो आणि रोखून पाहत राहतो. बहुतेकांचा हात अशा वेळी चपलेकडे किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळीकडे जातो. वस्तुतः असा समोर येऊन थबकणारा भुंगा बहुधा नर असतो. आपल्या हद्दीत कोण आले, एवढेच तो पाहत असतो. नराला नांगीच नसते, त्यामुळे तो दंश करूच शकत नाही. मादीला नांगी असते. पण ती हातात पकडली किंवा दाबली गेली तरच डसते.

मराठीत 'भुंगा' हा शब्द दोन अगदी भिन्न कीटकांसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. नारळाचा कोंब कुरतडणारा गेंडा भुंगा हा कठीण पंखकवचाचा, ढालकिड्यांच्या वर्गातला आणि बागायतदाराचा खराखुरा शत्रू. लाकूड कोरणारा काळा भुंगा मात्र मधमाश्यांच्या कुळातला. 'झायलोकोपा' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच लाकूडतोड्या असा आहे. एकाच्या अपराधाची शिक्षा अनेकदा दुसऱ्याला भोगावी लागते.

हा भुंगा लाकूड खात नाही. मादी आपल्या बळकट जबड्यांनी वाळलेल्या फांदीत, वाशात किंवा मांडवाच्या खांबात वाटोळे भोक पाडते आणि भुसा बाहेर टाकते. काही जाती बांबूच्या पोकळीतच घर करतात. आत परागकण व मध यांचा गोळा ठेवून मादी त्यावर एक अंडे घालते आणि भुशाची भिंत उभारून खोली बंद करते. मग दुसरी खोली. कीटकसृष्टीतील सर्वांत मोठ्या अंड्यांत या भुंग्यांच्या अंड्यांची गणना होते. काही जातींत त्यांची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास भरते. साहजिकच अंडी मोजकी आणि प्रत्येकीमागचे कष्ट मोठे. एक घरटे उद्ध्वस्त झाले, तर त्या मादीची जवळजवळ सगळी पिढीच संपते.

कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा 'ज्ञानेश्वरी'च्या पहिल्या अध्यायातील दृष्टान्त मराठी वाचकाला परिचित आहे. त्यातील लाकूड भेदण्याचा भाग निरीक्षणाला धरून आहे. काव्यात भ्रमर नेहमी पुरुष असला, तरी सुतारकाम सगळे मादीचे, हे मात्र नमूद करायला हवे.

बागेला या कीटकाचा खरा उपयोग परागीकरणासाठी होतो. टोमॅटो आणि वांगी यांच्या फुलांत परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो आणि पराग त्या छिद्रातून झडतात. नेहमीच्या मधमाशीला हे तंत्र साधत नाही. कृष्णफळाचे, म्हणजे पॅशन फ्रूटचे, फूल एवढे मोठे असते, की लहान माश्या मध पिऊन जातात; पण त्यांची पाठ परागकोशाला लागतच नाही. तिथे भुंगाच हवा. ताग आणि रुईच्या फुलांवरही तो हमखास दिसतो. लांब नळीच्या फुलांना बुडाशी चीर देऊन मध चोरण्याची खोड त्याला आहे, हेही खरे.

भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेणी बोर्जेस यांनी केलेल्या अभ्यासात या कुळाचे आणखी एक आश्चर्य समोर आले. तेथील वारस वृक्षाची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीकरण भुंगे करतात. त्यातील एक जात तर चंद्र नसलेल्या रात्रीही उडते. केवळ ताऱ्यांच्या उजेडात ती खुणांचे रंग ओळखते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्या अंधारात माणसाला रंगाचा पत्ताही लागत नाही.

घराच्या लाकडाला भोके पडू लागली, की मालक अस्वस्थ होणे स्वाभाविक आहे. एकदोन भोकांनी वासा कोसळत नाही; मात्र वर्षानुवर्षे त्याच जागी नवी घरटी होत गेली, तर लाकूड कमकुवत होते. त्यावर विषारी फवारा मारण्याची गरज नाही. भुंगे उघडे, न रंगवलेले लाकूड पसंत करतात; त्यामुळे तैलरंगाचा हात दिला तर ते बहुधा दुसरी जागा शोधतात. जुनी भोके बुजवायची असल्यास ती रिकामी झाल्याची खात्री करून मगच बुजवावीत. बागेच्या कोपऱ्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी, एका बाजूला पेर शाबूत ठेवून कापलेले वाळक्या बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवले, तर दाराची चौकट सोडून भुंगे तिकडे वळण्याची शक्यता वाढते.