काचेच्या पेटीतले हवामान

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत थोडा वेळ नीट पाहिले, तर एखादा शंख चालताना दिसतो. हात लावला की तो थबकतो आणि त्याच्या तोंडाशी एक नांगी दार लावल्यासारखी बसते. शंख गोगलगायीचा, राहणारा मात्र खेकडा. याचे पोट मऊ आणि उघडे असते, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढ झाली की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवली आहे. इंग्रजीत याला 'हर्मिट क्रॅब', म्हणजे संन्यासी खेकडा म्हणतात.

या खेकड्यांचे काही भाईबंद समुद्र सोडून जमिनीवर राहायला आले आहेत. 'सीनोबिटा' या प्रजातीतले हे खेकडे उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर राहतात. कॅरिबियन बेटांवरची त्यांची एक जात अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात घरोघरी पाळली जाऊ लागली. थंड प्रदेशातल्या घरात उष्ण कटिबंधातला प्राणी ठेवायचा, तर काचेच्या पेटीत ऊब हवी आणि उजेडही हवा. मग पेटीवर एक दिवा टांगला की दोन्ही कामे झाली, असे कोणालाही वाटेल. पण अशा पेटीत खेकडे हळूहळू मरतात. का मरतात, हे समजून घेण्यासाठी काचेच्या पेटीचा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास जवळपास दोनशे वर्षांचा आहे. उजेड, ऊब आणि ओलावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माणसाला किती सावकाश उमगत गेले, त्याचीच ही हकिकत आहे.

बाटलीत उगवलेले नेचे

१८२९ साली लंडनमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग बाहेर पडताना पाहायचा, एवढाच हेतू होता. वॉर्ड राहत त्या भागात कोळशाचा धूर इतका होता की बागेत लावलेले नेचे जगत नसत. बाटलीतल्या मातीत मात्र एक नेचे आणि थोडे गवत आपोआप उगवले. दिवसा मातीतल्या पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे आणि थेंबाथेंबाने परत मातीत उतरे. वरून पाणी न घालता ही झाडे सुमारे चार वर्षे जगली. शेवटी झाकण गंजले, आत पावसाचे पाणी शिरले आणि ती गेली.

यातून 'वॉर्डची पेटी' तयार झाली. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि झाडे सुखरूप पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. पण या पेटीला एक मर्यादा होती. सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीपासून क्विनाइन मिळते ते झाड, क्लेमेंट्स मार्कम यांनी पेरूहून भारतात आणण्याचा खटाटोप केला. १८६० साली त्यांच्या पेट्या तांबड्या समुद्रातून मुंबईला आणि तिथून निलगिरीला गेल्या. तांबड्या समुद्रातल्या उकाड्याने रोपे खचली आणि निलगिरीत पोचल्यावर ती जगली नाहीत. बंद काच ओलावा राखते, तशीच उष्णताही कोंडते. बाहेरचा उकाडा पेटीत आणखी वाढतो. पेटीतल्या जिवाला मात्र सावलीत जाता येत नाही.

पाणी, वनस्पती आणि उजेड

वॉर्डच्या पेटीत पाणी भरले की मत्स्यालय झाले, असे म्हणता येईल. पण त्याआधी एक कोडे सोडवायचे होते. साठलेल्या पाण्यात मासे का मरतात? ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले. ते जगवण्यासाठी समुद्राचे पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून हवेशी खेळवावे लागे. हे काम अर्धा-पाऊण तास घरची मोलकरीण करत असे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही सोडल्या.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी या कोड्याचे उत्तर १८५० साली मांडले. त्यांच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, मासे तो घेतात. पण वनस्पतीची कुजलेली पाने पाणी घाण करू लागली, तेव्हा त्यांनी पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्या कुजकी पाने खाऊ लागल्या आणि पाणी निवळले.

प्राणवायूसाठी उजेड हवा, हे पटल्यावर लोकांनी टाक्या खिडकीत ठेवल्या. चारही बाजू काचेच्या, वर ऊन. थोड्याच दिवसांत काचेवर हिरवा थर चढे, पाणी हिरवे होई आणि दुपारी ते कोमट होई. निसर्गात डबक्याला उजेड फक्त वरून मिळतो. बाजूंना माती किंवा खडक असतो. हे लक्षात घेऊन वॉरिंग्टन यांनी उतरत्या पाठीची टाकी केली. पाठ आणि बाजू अपारदर्शक, पुढची काच पाहण्यापुरती आणि उजेड वरून. आज ही कल्पना साधी वाटते, पण ती सुचायला आधी निसर्गातल्या डबक्याकडे टाकी म्हणून पाहावे लागले.

१८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि घरोघरी समुद्राच्या टाक्यांचे वेड पसरले. संन्यासी खेकडे तर सर्वांचे लाडके. पण विल्यम आल्फर्ड लॉइड या जाणकाराने ओळखले की बहुतेक टाक्यांत पाणी कमी आणि उजेड फार असतो. १८७१ साली क्रिस्टल पॅलेस इथे त्यांनी मत्स्यालय उभारले. त्यात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात होते आणि पंपाने ते सतत फिरत असे. अंधारामुळे शेवाळ वाढत नसे आणि मोठ्या साठ्यामुळे पाणी लवकर तापत नसे वा गारठत नसे. मोठा रांजण आणि तांब्या यांत पाणी आधी कशात तापते, हे मुलांना विचारले तर लॉइड यांची युक्ती लगेच कळेल.

ज्योत, दिवा आणि तार

आतापर्यंतचा प्रश्न टाकी गार ठेवण्याचा होता. उष्ण प्रदेशातले प्राणी आले तेव्हा तो उलटा झाला. १८६९ साली पॅरिसमध्ये पॅराडाइज मासा आला आणि प्येर कार्बोनिए यांनी त्याची पैदास केली. हा मासा थंडी बरीच सोसतो, म्हणून टाकी न तापवताही टिकला. त्यामागून आलेल्या नाजूक माशांसाठी ऊब द्यावी लागली. टाकीचा तळ स्लेटच्या फरशीचा करायचा आणि खाली गॅसची किंवा तेलाची लहान ज्योत ठेवायची, अशी रीत होती. ज्योत मोठी झाली तर मासे उकडणार आणि रात्री विझली तर गारठणार. त्यामुळे मालकाला रात्रीतून उठून पाहावे लागे.

यावर उपाय करणारे तत्त्व आधीच सापडले होते. पितळ तापल्यावर लोखंडापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. दोन्हींच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या तर तापल्यावर जोडपट्टी वाकते. १८३० साली अँड्र्यू युअर यांनी या तत्त्वावर चालणाऱ्या उष्णतानियंत्रकाचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काचेच्या नळीत विजेची तार गुंडाळून पाण्यात ठेवायचे हीटर आले. त्यांना अशी पट्टी जोडली की पाणी ठरावीक तापमानाला पोचल्यावर वीज आपोआप तुटे. इथे पहिल्यांदा ऊब उजेडापासून वेगळी झाली. आता अंधारातही टाकी गरम राहू शकत होती.

तरी स्वस्त आणि सोपा म्हणून विजेचा पिवळा दिवाच वर्षानुवर्षे वापरात राहिला. त्यातली दहा टक्क्यांहूनही कमी ऊर्जा उजेडाच्या रूपाने बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. १९३८ साली बाजारात आलेल्या ट्यूबलाइटने उजेड बराच थंड केला. १९९०नंतरच्या दशकात निळा एलईडी तयार झाला, त्यातून पांढऱ्या एलईडीचा मार्ग खुला झाला आणि ही फारकत जवळजवळ पूर्ण झाली.

जोन प्रॉक्टर यांचे घर

उजेड आणि ऊब यांचा सर्वांत नीट विचार केला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या जोन प्रॉक्टर यांनी. त्यांच्या कल्पनेनुसार १९२७ साली सरपटणाऱ्या प्राण्यांचे घर बांधले गेले. तोवर अशी घरे सगळी सारखीच तापवत. प्रॉक्टर यांनी विजेच्या साह्याने प्रत्येक पिंजऱ्यात गरम आणि गार जागा ठेवल्या. प्राण्याने आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडावी, हा त्यामागचा विचार. साधी खिडकीची काच उन्हातले त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडवते. म्हणून ते किरण आत सोडणारी खास काचही तिथे वापरली. प्रेक्षकांची जागा अंधारी आणि पिंजरे उजळ, ही मत्स्यालयातली रीतही त्यांनी उचलली.

पेटीचे एकच तापमान ठरवण्याऐवजी तापमानाचा उतार द्यायचा, ही कल्पना आम्हाला या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. निसर्गात कोणताही प्राणी एकाच तापमानात राहत नाही. तो उन्हातून सावलीत आणि वरून बिळात जात असतो.

खेकडे का मरतात?

आता जमिनीवरच्या संन्यासी खेकड्यांकडे परत येऊ. हा प्राणी जमिनीवर आला, पण श्वसनासाठी त्याचे कल्ले अजून ओलेच लागतात. शंखात तो थोडे पाणी बाळगतो आणि त्याला भोवतालची हवा दमट लागते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असली तर बरे.

समजा खोलीचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के आहे. या तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे आत्ता त्यात सुमारे १३.८ ग्रॅम आहे. वर दिवा लावून तीच हवा ३० अंशांवर नेली. आता त्या हवेत ३०.४ ग्रॅम मावू शकते, पण बाष्प तेवढेच आहे. १३.८ ला ३०.४ ने भागले की उत्तर येते सुमारे ४५ टक्के. बाष्पाचा एक कणही बाहेर गेला नाही, तरी हवा कोरडी झाली. पेटीला झाकण म्हणून जाळी असेल तर वाळूतला ओलावाही उडून जातो. कल्ले वाळतात आणि ऊब असूनही खेकड्याचा श्वास कोंडतो.

दुसरी अडचण रात्रीची. हे खेकडे मुख्यतः रात्री हिंडतात. ऊब देणारा दिवा चोवीस तास लावला तर त्यांना रात्रच मिळत नाही आणि विझवला तर ते गारठतात.

मग हीटर पेटीखाली ठेवला तर? कात टाकताना खेकडा ओल्या वाळूत खोल पुरून घेतो आणि कित्येक आठवडे तिथेच राहतो. किनाऱ्यावर वाळू वरून तापते आणि खोलवर गार असते. म्हणून उकडले की खाली जायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. तळाशी हीटर असलेल्या पेटीत मात्र तो जितका खाली जाईल तितका अधिक भाजतो. म्हणून जाणकार आता हीटर पेटीच्या मागच्या बाजूला, वाळूच्या पातळीच्या वर, एका टोकाकडे लावतात; वर घट्ट झाकण ठेवतात आणि उजेडासाठी वेगळा थंड दिवा बारा तास लावतात. वॉर्डचे झाकण, वॉरिंग्टनचा वरून येणारा उजेड, युअरची पट्टी आणि प्रॉक्टर यांचा तापमानाचा उतार हे सारे या एका पेटीत एकत्र येतात.

पेटीबाहेरचा प्रश्न

इतके सगळे जमले, तरी एक प्रश्न उरतोच. गॉस यांच्या पुस्तकामुळे हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि डबकी ओरबाडली गेली. गॉस यांच्या मुलाने, एडमंड यांनी, १९०७ साली हे खंतावून लिहून ठेवले आहे. संन्यासी खेकड्यांचेही तसेच आहे. त्यांची पिल्ले समुद्राच्या पाण्यात वाढतात. अँथनी प्रोव्हेन्झानो यांनी कॅरिबियन जातीची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवून त्याचे वर्णन १९६२ साली प्रसिद्ध केले, पण ते काम किचकट आहे. बाजारात विकले जाणारे जवळजवळ सर्व खेकडे किनाऱ्यावरून पकडलेलेच असतात. जपानने १९७० साली आपल्याकडच्या जमिनीवरच्या संन्यासी खेकड्यांना नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण दिले.

म्हणून शिक्षकांना आमचे सुचवणे असे की वर्गात पेटी जरूर करावी, पण खेकड्याविना. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत ओली माती आणि एकेक लहान रोप लावा. एकीला झाकण लावा, दुसरीवर जाळी बांधा. दोन्हींत तापमापी ठेवून रोज ठरावीक वेळी तापमान, काचेवरचे थेंब आणि मातीचा ओलावा यांची नोंद मुलांना करू द्या. आठवड्यानंतर दोन्हींवर सारखा दिवा लावा. नंतर दिवा तळाशी किंवा बाजूला नेऊन पाहा. माती आधी कोणती वाळली, कशी आणि का, हे मुले स्वतःच सांगू लागतील. किनाऱ्याजवळच्या शाळांना तर खेकडाही पाहता येईल, त्याच्याच डबक्यात. तिथले ऊन, पाणी आणि सावली त्याच्या सोयीचीच असते. आपण फक्त ओहोटीची वेळ साधायची.